शिंग मुनचं पाचवं अक्षर

मंडळी, शिंग मुनच्या जुन्या ब्रिटिश ठाण्यात जपान्यांनी कोरलेल्या ओळीचं पाचवं अक्षर अखेर फोटोत उमटलं! त्यापायी हाँगकाँगमधला एकुलता एक मोकळा रविवार गेला, दुपारचं जेवण बुडालं आणि राजगिऱ्याची चिक्की एका माकडाने पळवली.

मागच्या नोंदीत म्हटल्याप्रमाणे कोरीव अक्षरांचे फोटो घ्यायला शिंग मुन रिडाउट (ब्रिटिशांनी डोंगरात बांधलेलं बोगद्यांचं संरक्षक ठाणं) गाठलं. त्सुएन वानहून ८२ नंबरची मिनीबस, जलाशयाकाठी मेलालुकाची झाडं (साल अशी पापुद्र्यांनी सुटते की भूर्जपत्रच वाटावं), १९३७ सालचं धरण ओलांडलं की मॅक्लेहोज ट्रेल या डोंगरवाटेचा सहावा टप्पा. फुलपाखरं भरपूर होती, पण त्यांच्यासाठी थांबलो नाही. चढ आपल्या घाटवाटांपुढे किरकोळ.

इथल्या बोगद्यांना लंडनमधल्या रस्त्यांची नावं आहेत, भिंतींवर कोरलेली. ‘चॅरिंग क्रॉस’ फोटोत पहिल्याच फटक्यात मिळालं. फ्लॅश बंद, टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून डावीकडून, बस्स. ‘शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यू’ही तसंच. मी खूश.

मग जपानी ओळ. दुसऱ्या महायुद्धात, ९ डिसेंबर १९४१ च्या रात्री, जपानच्या २२८व्या रेजिमेंटने हे ठाणं घेतलं. आत रॉयल स्कॉट्स या ब्रिटिश पलटणीचे चाळीसेक लोक होते, आणि वर चढलेल्या जपान्यांनी हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांतूनच हातबॉम्ब आत सोडले. नंतर काँक्रीटवर पाच अक्षरं कोरली गेली: वाकाबायाशीच्या तुकडीने काबीज केलं. चार अक्षरं कशीबशी लागत होती. पाचवं म्हणजे नुसता शेवाळी डाग.

दीड तास डावीकडूनच उजेड मारत बसलो. कोन बदलला, टॉर्च बदलला. (ऑनलाइन मागवलेला, १००० लुमेन छापलेला टॉर्च पाच मिनिटांत तापून मंदावतो. शाम शुई पोच्या अ‍ॅपलिऊ स्ट्रीटवर पथारीवाल्याकडून घेतलेला साधा टॉर्च शेवटपर्यंत टिकला. छापील आकड्यांवर विश्वास ठेवू नका.) दिवसाचा उजेड सावल्या खातोय म्हणून बायकोची काळी छत्री उघडून आडोसा केला. थोडा फरक पडला, पण अक्षर काही उमटेना.

शेवटी वैतागून खाली बसलो आणि आपल्या वीरगळावरचा लेख टिपतानाची फजिती आठवली. तेव्हा शिरोरेखाच गायब झाली होती ना? तेच! उजेड ज्या दिशेने जातो त्याच दिशेची रेघ सावली टाकत नाही. रोमन अक्षरांत उभे दांडे जास्त, म्हणून डावीकडचा उजेड चालून गेला. या अक्षरांत आडव्या रेघांची चळत असते. टॉर्च वर धरला, उजेड भिंतीवरून खाली घसरत सोडला आणि उजव्या अर्ध्यातल्या आडव्या रेघा एकापाठोपाठ एक उभ्या राहिल्या. मी मोठ्याने ‘हां!’ म्हणालो. मागून जाणारं एक वयस्कर जोडपं थबकलं, त्यांनाही दाखवलं. माकडाने साधली ती हीच वेळ.

आणि हो, खडू किंवा पीठ चोळून वाचायचा सल्ला कृपया कुणी देऊ नका. ते गडावरही नको, इथेही नको.

दुपारी साय वानच्या युद्धस्मशानभूमीत जाणार होतो. ५/७ राजपूत आणि २/१४ पंजाब या भारतीय पलटणी याच युद्धात लढल्या, तिथल्या स्मारकावरची नावं टिपायची होती. ते उद्या विमानाच्या आधी, सकाळी.

पण हे लिहिताना डोक्यात आलं: कॅमेरा ट्रायपॉडवरून न हलवता वेगवेगळ्या दिशांनी उजेड मारून ३६ फोटो घेतलेत. म्हणजे आरटीआयच की (माहितीचा अधिकार नव्हे, उजेडाचा: रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग, म्हणजे वेगवेगळ्या दिशांच्या उजेडातले फोटो एकत्र करायचं तंत्र)! सॉफ्टवेअरमध्ये टाकले की घरी बसून हवा तिकडून प्रकाश फिरवता येईल. फक्त चौकटीत चकचकीत गोळा हवा होता. त्यावर चमकणाऱ्या ठिपक्यावरून उजेडाची दिशा कळते. तो नाही, म्हणजे ३६ च्या ३६ दिशा अंदाजाने भरायच्या. त्यापेक्षा साय वान रद्द करून पहाटे पुन्हा वर जावं का? पण गोळा कुठून आणू? अ‍ॅपलिऊ स्ट्रीट आत्ता चालू असेल. निघतोच. नाहीच मिळाला तर पुण्यात कुणाकडे ओरखडा नसलेली काळी गोटी असेल तर सांगून ठेवा, वीरगळासाठी तरी लागेलच.