ऑपरेशन केलं तर सायकल सुटेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न साधारण असा येतो: "एमआरआय काढला, मणक्यात गॅप निघाली, डॉक्टर ऑपरेशन सांगून राहिले. सायकल तर सोडवत नाही. करू का नको?" विचारणाऱ्यांत ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, मारणारे असतात, तसे रोज पांदणीने शेतावर सायकल हाणणारेही असतात. दोघांचं उत्तर बरंचसं सारखं आहे.

आधी त्या 'गॅप'चं पाहू. गॅप येत नाही, उलट असलेली जागा कमी होते. दोन मणक्यांमधली गादी झिजते, चपटी होते, कधी तिचं बाहेरचं कडं फाटून आतला मऊ गर मागे सरकतो आणि पायात उतरणाऱ्या नसेला टेकतो. कंबरेत हे जवळजवळ नेहमी सगळ्यात खालच्या दोन गाद्यांत होतं, म्हणजे रिपोर्टात एल-४ एल-५ किंवा एल-५ एस-१ लिहिलेलं असतं तिथं. पण रिपोर्टावर फार विसंबू नका. ज्यांना काहीही दुखत नाही अशा लोकांचे स्कॅन एकत्र करून २०१५ मध्ये आकडे मांडले गेले. पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या आणि ६० टक्क्यांच्या फुगलेल्या. हे सगळे लोक धडधाकट फिरत होते. म्हणून कागदावरची गादी आणि तुमचं दुखणं एकमेकांशी जुळतं का, हे तपासणाऱ्यालाच पाहावं लागतं. फिल्म बघून, पायाला हात न लावता कोणी तारीख देत असेल तर दुसऱ्या सर्जनला दाखवा.

दुखतं कुठं हा खरा मुद्दा आहे. कंबरेतून निघून ढुंगणातून, मांडीच्या मागून, गुडघ्याखाली पावलापर्यंत जाणारी कळ ही नसेची. गादीचं ऑपरेशन या कळेसाठी असतं आणि ती त्याने चांगली थांबते. नुसती कंबर दुखत असेल, पाय मोकळा असेल, तर त्या ऑपरेशनचा भरवसा फार कमी. 'ऑपरेशन केलं तरी कंबर दुखतेच' असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत मुळात पायाच्या कळेचं ऑपरेशन नुसत्या कंबरदुखीसाठी झालेलं असतं.

एक दुखणं मात्र सायकलच ओळखून देते. चालताना शंभर-दोनशे पावलांत दोन्ही पाय भरून येतात, बसलं किंवा पुढं वाकलं की मोकळे होतात, आणि सायकलवर वीस किलोमीटर गेलं तरी काही होत नाही. हे सहसा साठीच्या पुढचं, नसांची नळी अरुंद झाल्याचं लक्षण. हँडलवर वाकलं की नळी थोडी उघडते, म्हणून सायकल जमते आणि चालणं जमत नाही. पायातलं रक्त कमी पडत असेल तर सायकलवरही पाय भरून येतात, आणि मग तपासणी रक्तवाहिन्यांची करावी लागते. सर्जनला हा फरक आपण होऊन सांगा, कारण सायकलचं विचारायचं प्रत्येकाला सुचत नाही.

आता जिथं थांबायचंच नाही ते. लघवी तुंबली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघा आणि बसायची जागा बधिर झाली, दोन्ही पायांत कळ उतरली, तर तोच दिवस. उशिरात उशिरा ४८ तासांच्या आत, खरं तर जितकं लवकर तितकं बरं, दाब काढावा लागतो. नाहीतर लघवीचा ताबा कायमचा जाऊ शकतो. गडचिरोलीच्या आतल्या भागातून नागपूर गाठायलाच अर्धा दिवस जातो, म्हणून 'सकाळी पाहू' म्हणायचं नाही, १०८ बोलवायची. सायकलवाले इथं हमखास फसतात. सीटच्या दाबाने बसायची जागा बधिर होते याची त्यांना सवय असते. तो बधिरपणा उतरल्यावर थोड्या वेळात जातो. जात नसेल, किंवा जोडीला लघवीची अडचण असेल, तर सीटला दोष देत बसू नका.

याच्याखालची पायरी ताकदीची. घरी करून पाहा, भिंतीला हात टेकून. टाचांवर दहा पावलं चाला. एक पंजा खाली पडत असेल तर बहुधा एल-५ची नस. मग एका पायावर उभं राहून टाच दहा वेळा उचला, नंतर दुसऱ्या पायाने. एका बाजूला चार-पाचातच थकत असाल तर एस-१. पायाचा अंगठा वर धरा आणि दुसऱ्याला तो खाली दाबायला सांगा. हे दर दोन दिवसांनी, तारखेसकट वहीत लिहा. ताकद आठवड्यागणिक उतरत असेल किंवा पंजा उचलतच नसेल तर ऑपरेशन लवकर, आणि तिथं माझं मत डळमळीत नाही. ताकद टिकून आहे आणि फक्त दुखतं आहे, तर तुमच्या हातात वेळ आहे.

किती वेळ? नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे पायाची कळ सोसलेल्या २८३ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २००७ मध्ये छापून आला. निम्म्यांचं लगेच ऑपरेशन, निम्म्यांना थांबवून उपचार. लगेच केलेले लवकर बरे झाले. पण वर्षाच्या शेवटी दोन्हीकडे ९५ टक्के लोकांनी आपण बरे झालो असं सांगितलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढं ऑपरेशन करावंच लागलं. यातून मी काढतो ते एवढंच: ताकद शाबूत असेल तर ऑपरेशन हा वेळ विकत घेण्याचा सौदा आहे. ज्याला रात्रभर झोप नाही, कामावर जाता येत नाही, त्याला तो परवडतो. नुसता पुढच्या महिन्यातला २०० किलोमीटरचा ब्रेवे चुकू नये म्हणून करणं हे माझ्या मते चुकीचं कारण.

थांबायचं म्हणजे खाटेवर पडून राहायचं नाही. चालायचं, आणि सायकल दुरुस्त करायची. सीट उंच असेल तर कंबर डावी-उजवी हलते. पेडल खाली असताना त्यावर टाच ठेवली की गुडघा नुकता सरळ व्हावा. फरक एका वेळी ५ मिलिमीटरचा. हँडल सीटच्या पातळीला किंवा दोन-तीन सेंटिमीटर वर आणा. जुन्या काळ्या सायकलीचा हँडलचा दांडा वर घेताना त्यावरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात दांडा हातात येतो. रोड बाइकचा १०० मिलिमीटरचा स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, ८०चा करा किंवा उलटा लावा. सीटचं नाक थोडं खाली केल्याने कंबरदुखी कमी झाल्याचा इस्रायलमधला १९९९चा अभ्यास आहे. त्यांनी १० ते १५ अंश झुकवलं, आणि सत्तर टक्क्यांहून जास्त जणांना फरक पडला. तुम्ही दोन-तीन अंशांनी सुरुवात करा, कारण जास्त झुकवलं की माणूस पुढं घसरतो आणि सगळा भार मनगटांवर येतो.

टायरकडे मात्र आपल्याकडे कोणी पाहत नाही. गिट्टी उघडी पडलेल्या सडकेवर २५ मिलिमीटर रुंदीचं टायर शंभर पीएसआय हवेला फुगवून जाणं म्हणजे प्रत्येक दणका थेट त्या फाटक्या गादीत. ३२ किंवा ३५चं टायर बसत असेल तर बसवा, सत्तर किलोच्या माणसाला ५०-५५ पीएसआय हवा पुरते. पाणी पाठीवरच्या पिशवीतून काढून फ्रेमवरच्या बाटल्यांत घ्या. उन्हाळ्यात तीन लिटर म्हणजे तीन किलो आहेत ते. जड गिअर दाबत जाऊ नका. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा चढ तर या काळात नकोच. पंजा अशक्त असेल तर क्लिपचे पेडल काढून साधे लावा, पाय वेळेवर सुटला नाही की माणूस आडवा.

आणखी एक विदर्भाची खास अडचण. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, म्हणून सगळे पहाटे पाचला निघतात. रात्री आडवं पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली गादी वाकल्यावर जास्त ताणली जाते. म्हणून उठल्यावर निदान अर्धा तास, जमल्यास तासभर, चाला आणि मगच हँडलवर वाका. पाचला निघायचं तर चारला उठायचं. आणि निघताना दुखण्याची गोळी घेऊ नका. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या, घामाने आटलेलं अंग आणि उन्हातले पाच तास हे मूत्रपिंडाला भारी पडतं. 'नसेची गोळी' म्हणून प्रीगॅबॅलिन मिळते. पायाच्या कळेवर ती साध्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरली नाही असं २०१७च्या चाचणीत दिसलं, आणि चक्कर येते ती वेगळीच. सायकलवर चक्कर नको. पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा असेल तर साध्या लचकीसाठी हौसेने घ्या. पायात कळ किंवा बधिरपणा असताना कंबरेला कोणाची लाथ नको.

ऑपरेशन करायचंच ठरलं तर पहिला प्रश्न: नुसता गर काढणार की स्क्रू बसवणार? ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत आणि लोक दोन्हीला 'मणक्याचं ऑपरेशन' म्हणतात. पहिल्यात दोन-तीन सेंटिमीटरची चीर, नस बाजूला करून तिच्यावर बसलेला तुकडा काढतात. दुर्बिणीने केलं तर भोक आणखी लहान, निकाल साधारण तसाच. गादी जागेवरच राहते, म्हणूनच शंभरात पाच-दहा जणांचा उरलेला गर पुन्हा बाहेर येतो, बहुतेक वेळा पहिल्या काही महिन्यांत. दुसऱ्यात स्क्रू, सळ्या आणि हाडाचा चुरा घालून दोन मणके एक करतात. मणका पुढं सरकलेला आणि हलता असेल, किंवा नळी मोकळी करताना बरंच हाड काढावं लागणार असेल, तर ते बरोबर. पहिल्यांदाच सरकलेल्या साध्या गादीला स्क्रू कशाला, हे विचारायला लाजू नका. स्क्रूनंतर वाकणं कमी होतं आणि वर-खालच्या गाद्यांवर भार वाढतो. सायकल चालवता येते, पण खुब्यातून वाकायला शिकावं लागतं आणि खाली वळलेलं हँडल बहुधा सोडावं लागतं.

स्क्रूचं ठरत असेल तर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, सुटलाच पाहिजे. हाड जुळायला तीन ते सहा महिने, कधी वर्षही लागतं, आणि निकोटीन ती जुळणी रोखतं, मग ते विडीचं असो की खर्र्याचं. हाड जुळलं नाही की स्क्रू हलतात आणि दुसरं ऑपरेशन येतं. बरेच जण 'मी सिगारेट ओढत नाही' सांगून मोकळे होतात आणि गालात खर्रा असतो. सर्जनला खरं सांगा.

गर काढल्यानंतरचा हिशेब असा. दुसऱ्या दिवसापासून चालणं, दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं बंद. कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. तीन-चार आठवड्यांनी एका जागची सायकल, ताठ बसून दहा मिनिटं. सहा-आठ आठवड्यांनी चांगली डांबरी सडक. पांदण, गिट्टी आणि शंभर किलोमीटर तीन महिन्यांनंतर. तुमचा सर्जन याहून सावकाश सांगत असेल तर त्याचं ऐका. गादीच्या फाटलेल्या कड्याला जाड खपली धरायला हा वेळ लागतो. गंमत म्हणजे सायकल चालवण्याने जेवढं बिघडत नाही तेवढं ती उचलून ओट्यावर ठेवण्याने बिघडतं. काळी सायकल वीस किलोच्या आसपास असते. भरलेला सोळा लिटरचा फवारणी पंपही तेवढाच. दोन्ही तीन महिने दुसऱ्याच्या हातात.

म्हणून घाई नसेल तर मला फेब्रुवारी पसंत आहे. कापसाची वेचणी आटोपलेली असते, पेरणीच्या आत तीन महिने मिळतात, आणि जे सायकलचे दिवस बुडतात ते तसेही उन्हाचे असतात.

कळ आधी जाते, ताकद मागून येते, बधिरपणा सगळ्यात शेवटी, कधी पूर्ण जातही नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते आणि कंबरेपासून पावलापर्यंतचं अंतर मीटरभर. पंजा महिन्यात उचलला नाही म्हणून ऑपरेशन फसलं असं धरू नका. तोवर पेडल चवड्याऐवजी पावलाच्या मधोमध घ्या, पोटरीवरचा भार कमी होतो.

खर्चाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात त्यात बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला तारीख घेण्याआधी विचारा. नागपूरचं मेडिकल आणि एम्स, सेवाग्राम, सावंगी ही नावं तुम्हाला माहीतच आहेत.

परत येतानाची गाडी आधी ठरवून ठेवा. एसटीच्या मागच्या सीटवर बसून शंभर किलोमीटर नको. मोटारीत पुढची सीट मागे पाडून बसा, दर पाऊण तासाने उतरून पाच मिनिटं चाला, आणि गावाच्या फाट्यापासून सडक खराब असेल तर तेवढं अंतर गाडी अगदी हळू घ्यायला सांगा.