योव्हिलच्या उताराला उगाच श्रेय

योव्हिलमध्ये कुणापाशीही फुटबॉलचा विषय काढा, दोन मिनिटांत बोलणं क्लबच्या जुन्या मैदानाच्या उतारावर येतं. आमच्या शेजारच्या आजोबांपाशी काढलात तर तेवढाही वेळ लागत नाही.

हे गाव इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, सॉमरसेटमध्ये. हेलिकॉप्टरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून मी इथं आलो. मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, म्हणजे फुटबॉलवेडा. त्यामुळं भाड्याचं घर बघायच्या आधी ग्राउंड कुठंय ते विचारून घेतलं. जुनं ग्राउंड ह्यूइश. १९९० मध्ये क्लबनं ते सोडलं आणि गावाच्या कडेला ह्यूइश पार्क नावाचं नवं, सपाट मैदान केलं. जुन्या जागेवर आता सुपरमार्केट उभं आहे. बटाटे घ्यायला जातो तेव्हा माझी बायको पुढं आणि मी मागं, इथं गोल कुठला असेल याचा अंदाज बांधत.

तर तो उतार. मैदान एका साइडलाइनकडून दुसऱ्या साइडलाइनकडं उतरत जायचं, सहा ते आठ फूट. २९ जानेवारी १९४९, शनिवार, एफए कप या लहानमोठ्या सगळ्या क्लबांच्या बाद स्पर्धेची चौथी फेरी: या मैदानावर योव्हिल टाउननं संडरलंडला २-१ असं हरवलं. योव्हिल सदर्न लीगमधला, म्हणजे व्यावसायिक क्लबांच्या फुटबॉल लीगच्या बाहेरचा, अर्धवेळ खेळाडूंचा क्लब. संडरलंड पहिल्या, म्हणजे लीगच्या सगळ्यात वरच्या विभागातला. कपमधल्या धक्कादायक निकालांची यादी निघाली की इंग्लंडात आजही या सामन्याचं नाव येतंच, आणि त्याच्या शेपटीला उतार.

उतारानं जिंकून दिलं, असं आजोबांचं मत. गावाचंही तेच. मला ते पटत नाही आणि हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

आधी संडरलंड काय चीज होती ते सांगतो. सहा वेळा लीग जिंकलेला क्लब, १९३७ चा कपविजेता. वरच्या विभागातून तोवर एकदाही खाली न गेलेला (ते दुःख त्यांच्या वाट्याला १९५८ मध्ये आलं). खेळाडू विकत घ्यायला हात इतका सैल की लोक त्यांना 'बँक ऑफ इंग्लंड' म्हणायचे. त्यातला सगळ्यात चमकता मोहरा लेन शॅकल्टन. वर्षभरापूर्वी, फेब्रुवारी १९४८ मध्ये, न्यूकॅसलकडून त्याला आणायला २०,०५० पौंड मोजले होते. तोवर ब्रिटनमध्ये एका खेळाडूसाठी एवढी रक्कम कुणी दिली नव्हती. गंमत अशी की त्यातलं खेळाडूच्या खिशात काहीच जायचं नाही. कमाल पगाराचा नियम होता, आठवड्याला १२ पौंड, शॅकल्टन असला तरी तेवढेच. चेंडू त्याचं ऐकायचा आणि प्रेक्षकांना हसवायची त्याला भारी हौस. लोकांनी त्याचं नाव विदूषकांचा राजपुत्र ठेवलं होतं. न्यूकॅसलकडून पहिल्याच सामन्यात, १९४६ साली, न्यूपोर्ट काउंटीला १३-० असं धुतलं, त्यात याचे सहा.

आता योव्हिल. हातमोजे शिवणारं गाव, म्हणून क्लबचं टोपणनाव 'ग्लव्हर्स'. वस्ती तेव्हा वीस-पंचवीस हजार. दुसरा उद्योग विमानांचा, त्यामुळं युद्धात इथं बॉम्बही पडले होते. संघाचा मॅनेजर ॲलेक स्टॉक स्वतः मैदानात उतरून खेळायचा. वय अवघं एकतीस-बत्तीस. युद्धात रणगाड्यांवर होता, नॉर्मंडीत काँच्या लढाईत जखमी झाला होता. बाकीची मंडळी आठवडाभर पोटापाण्याची कामं करून शनिवारी बूट चढवणारी. त्यातच नेहमीचा गोलरक्षक स्टॅन हॉल दुखापतीनं बसला. त्याच्या जागी आला डिकी डाइक, एका वकिलाच्या कचेरीतला तरुण कारकून, पहिल्या संघातून जेमतेम खेळलेला.

तिसऱ्या फेरीत याच मैदानावर दुसऱ्या विभागातल्या बेरीला योव्हिलनं ३-१ असं काढलं होतं. त्यामुळं चौथ्या फेरीआधी लंडनचे वार्ताहर गावात आले. स्टॉक पक्का माणूस. त्यानं त्यांना उताराच्या गोष्टी पोटभर पुरवल्या. रोज पेपरात उतार, उतार आणि उतार. पाहुण्यांच्या डोक्यात मैदानात पाय ठेवायच्या आधीच डोंगर उभा राहिला. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतर आजोबा जे सांगतात, त्यातलं निम्मं स्टॉकनं तेव्हा वार्ताहरांना सांगितलेलंच आहे असा माझा दाट संशय आहे.

कारण बघा. उतार आडवा होता. एका गोलकडून दुसऱ्या गोलकडं उतार असता तर अर्धा सामना एकाला चढण आणि दुसऱ्याला घसरण, असं म्हणता आलं असतं. आडव्या उतारावर दोन्ही संघांचा एक विंगर (कडेनं खेळणारा) वर आणि एक खाली, मध्यंतरानंतर फक्त अदलाबदल. ताट कलतं धरलं तर आमटी दोघांच्याही बाजूनं तितकीच वाहते. यजमानांना फायदा एवढाच की वरच्या अंगाला दिलेला पास किती खाली ओढला जाईल, खालच्या लाइनजवळ चेंडू कधी बाहेर जाईल, हे त्यांच्या पायांना पाठ असतं. फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण ह्यूइशवर येऊन जिंकून जाणारे संघही होतेच की, आणि त्यांच्यात कुणी शॅकल्टन नव्हता.

त्या दिवशी गर्दी १६,३१८. ह्यूइशचा तो कायमचा विक्रम. गावातली निम्म्याहून जास्त माणसं एका कुंपणात गेली असं समजा, अर्थात आसपासच्या खेड्यांतूनही लोक आले होते. बसायला साइडलाइनच्या अगदी कडेला शाळेची बाकं आणि बियरचे क्रेट मांडलेले. आजोबा तेव्हा शाळकरी पोर, त्यांच्या बुडाखाली क्रेट. थ्रो-इन घ्यायला खेळाडू आला की पाय आत घ्यावे लागायचे, म्हणाले. ऐकायला मजेशीर वाटतं, पण तीनच वर्षांपूर्वी, ९ मार्च १९४६ ला, बोल्टनच्या बर्नडेन पार्कवर कपच्याच सामन्यात गर्दीच्या रेट्यानं ३३ माणसं मेली होती. त्यावर चौकशी झाली, अहवाल आला, आणि तरीही लोक क्रेटवर बसून सामने बघत होते. दुसरं होतं काय करमणुकीला? कपडे रेशनवर, साखर रेशनवर, पेट्रोल रेशनवर. फुटबॉलला रेशन नव्हतं. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींवर तिकिटं गेली. तो आकडा पुन्हा कधीच गाठला गेला नाही.

पूर्वार्धात स्टॉकनंच गोल मारला. मॅनेजरनं! उत्तरार्धात डाइकच्या हातून चेंडू निसटला आणि संडरलंडच्या जॅकी रॉबिन्सननं बरोबरी साधली. हे आजोबा नेहमी भरभर उरकतात, मला मात्र इथंच थांबायचं असतं. नव्वद मिनिटं संपली तेव्हा फळा १-१. संडरलंडला उतार कळला होता, गोल झाला होता, पूर्ण वेळ व्यावसायिक खेळाडूंचे पाय ताजे होते. एरवीच्या नियमानं इथं शिट्टी वाजायची, दोन्ही संघ हात मिळवायचे आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी उत्तरेला, संडरलंडच्या रोकर पार्कवर, रिप्ले म्हणजे पुन्हा सामना व्हायचा. तिथं योव्हिलचं काय झालं असतं हे सांगायला ज्योतिषी नको.

पण १९४९ साल एरवीचं नव्हतं. फ्लडलाइट नव्हते, म्हणजे मधल्या वारी सामना ठेवायचा तर भर दुपारीच. दुपारी सामना म्हणजे कारखान्याला आणि खाणीला दांडी. युद्धानं देश कंगाल झालेला, १९४७ च्या हिवाळ्यात कोळशावाचून सगळं ठप्प झालेलं, आणि सरकारला एकच घोर: उत्पादन. त्यामुळं कपमध्ये पहिल्याच सामन्यात अर्धा तास जादा वेळ खेळवायचं ठरलं. त्यातही बरोबरी राहिली तरच पुन्हा सामना.

त्या अर्ध्या तासात धुकं उतरलं. जानेवारीतली संध्याकाळ, दिवे नाहीत, पलीकडच्या गोलपाशी काय चाललंय ते आजोबांना आवाजावरून समजायचं. जादा वेळेचा पूर्वार्ध संपत आला, १०४ वं मिनिट. शॅकल्टनला काहीतरी नक्षीकाम करायची हुक्की आली आणि चेंडू गेला योव्हिलच्या रे राइटकडं. राइटनं तो पुढं सोडला, एरिक ब्रायंटनं संडरलंडचा गोलरक्षक मॅपसनला चकवून आत घातला. २०,०५० पौंडांचा माणूस चुकला आणि अर्धवेळवाल्यांनी फायदा उठवला. त्यानंतरची पंधरा-सोळा मिनिटं डाइकनं आणि बचावफळीनं धुक्यात कशी काढली ते तेच जाणोत. शिट्टी झाली तशी सगळी बाकं, सगळे क्रेट मैदानात. खेळाडू लोकांच्या खांद्यावर. असं दृश्य मी शाहू स्टेडियमवर पाहिलंय, म्हणून त्या जुन्या फोटोतले चेहरे मला परके वाटत नाहीत; फक्त गुलाल तेवढा कमी.

हे सगळं मी आजोबांना एकदा सविस्तर मांडलं. म्हटलं, आजोबा, तुम्हाला सरकारच्या कोळशाच्या चिंतेनं जिंकवलं. ते शांतपणे म्हणाले, "मग तो अर्धा तास कुठं खेळले? आमच्या उतारावरच ना?"

मुद्दा बरोबर आहे म्हातारबाचा. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ एवढाच की घरचं मैदान जिंकलं, उतार नव्हे. आणि घरचं मैदान नसलं की काय होतं, ते दोन आठवड्यांत दिसलं.

पाचव्या फेरीत गाठ पडली मँचेस्टर युनायटेडशी, आदल्या वर्षीच्या कपविजेत्यांशी. त्यांचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनं मोडलेलं, म्हणून ते शेजारच्या मँचेस्टर सिटीच्या 'मेन रोड' मैदानावर खेळायचे. १२ फेब्रुवारीला तिथं ८१,५६५ माणसं जमली. योव्हिलच्या अख्ख्या वस्तीच्या तिप्पट-चौपट! निकाल ८-०, त्यात जॅक रौलीचे एकट्याचे पाच. आजोबांचे वडील गेले होते, पोराला मात्र नेलं नाही. "बरं झालं," असं आजोबा म्हणतात, पण ते अजून मनात आहे हे कळतं.

स्टॉक त्याच उन्हाळ्यात लेटन ओरिएंटकडं गेला. पुढं १९६७ मध्ये तिसऱ्या विभागातल्या क्वीन्स पार्क रेंजर्सला त्यानं लीग कप जिंकून दिला आणि १९७५ मध्ये फुलहॅमला वेम्ब्लीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं. वेम्ब्लीला ना उतार होता ना बियरचे क्रेट. माणूस मुळातच हुशार होता, एवढं तरी गावानं मान्य करावं.

हा सगळा विषय आत्ता निघायचं कारण म्हणजे २०२४-२५ पासून कपच्या पहिल्या फेरीपासून पुढचे रिप्ले बंदच झालेत. छोट्या क्लबांचे लोक चिडले आहेत आणि त्यांचं खरंही आहे. मोठ्या क्लबाच्या मैदानावर एक रिप्ले मिळाला तर वर्षाचा खर्च निघतो. शिवाय १९७२ मध्ये लीगबाहेरच्या हियरफर्डनं न्यूकॅसलला हरवलं ते रिप्लेमध्येच, पण तिथं पहिली बरोबरी न्यूकॅसलच्या मैदानावर झाली होती आणि रिप्ले हियरफर्डच्या चिखलात. योव्हिललाही पैशाची गरज आहे. २००३ मध्ये लीगमध्ये शिरलेला, २०१३ मध्ये दुसऱ्या पायरीपर्यंत चढलेला हा क्लब २०२३ मध्ये पार सहाव्या पायरीवर घसरला आणि पुढच्याच वर्षी एक पायरी परत चढला. तेव्हा माझी मागणी साधी आहे. मोठा क्लब आमच्याकडं आला तर १२० मिनिटांतच निकाल लावावा; आम्ही त्यांच्याकडं गेलो आणि बरोबरी झाली तर मात्र रिप्ले हवाच. कप भरवणारी एफए, म्हणजे फुटबॉल असोसिएशन, याला तयार होणार नाही, हे मलाही माहीत आहे. आजोबा तयार आहेत.