मागचा शॉक आणि पाच मिलिमीटर

"अहो ताई, लांबी तीच आहे ना? मग बसतो की!" दुकानातल्या या एका वाक्यापायी माझे दोन महिने गेले.

माझ्या डोंगरात चालवायच्या सायकलचा जुना मागचा शॉक (धक्के झेलणारा, हवा भरलेला भाग) तेल गाळायला लागला, नवा मागवला, आला, बसला. वेताळ टेकडीवरून पहिल्यांदा उतरले तेव्हाच मागून 'ठक्' आलं. मला वाटलं माझंच चुकतंय. हवा वाढवली, रिबाउंडचे (दबलेला शॉक किती वेगाने परत येतो त्याचे) क्लिक मोजत बसले, एकच उतार नऊ वेळा उतरले. (दर वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र पाळा. दोन बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.) हेल्मेट, पाण्याची पिशवी, सगळं अंगावर घेऊन सॅग, म्हणजे नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते, मोजला: 15 मिलिमीटर. 55 च्या स्ट्रोकवर (शॉक जास्तीत जास्त जितका दबतो त्यावर) 27 टक्के. 25 ते 30 टक्के असावा लागतो, म्हणजे मी पास. तरी ठक्. दुकानदार म्हणाला, "नवीन आहे, सवय होईल."

शेवटी एका रविवारी सगळी हवा सोडली, सायकलवर पूर्ण वजन टाकलं आणि ओ-रिंग (शॉक दबला की त्याच्यावर सरकणारी रबरी खूण) किती सरकली ते पट्टीने मोजलं. 50! माझ्या फ्रेमला लागतो 210 बाय 55, आणि दुकानाने दिला होता 210 बाय 50. पहिला आकडा दोन बोल्टांमधल्या अंतराचा, म्हणून 'बसतो'. दुसरा स्ट्रोकचा, तो कुणी बघितलाच नाही. मीसुद्धा नाही, बिल हातात असून! 140 मिलिमीटर ट्रॅव्हलच्या (मागचं चाक एकूण जितकं वर जातं त्याच्या) सायकलवर शॉक 1 मिलिमीटर दबला की चाक सरासरी अडीच मिलिमीटर वर जातं. पाच गेले म्हणजे चाकाचे बारा-तेरा गेले, आणि शॉक लवकर टोकाला लागून ठक्.

दुकानाचं उत्तर: वापरलेला माल परत नाही. तीन चकरा मारल्या, तिन्ही वेळा तेच.

 

दुसऱ्या एका मेकॅनिककडे गेले. त्याने शॉक उघडला आणि आतून पाच मिलिमीटरची प्लास्टिकची कडी काढून माझ्या हातावर ठेवली. काही शॉकचा स्ट्रोक अशीच कडी टाकून कमी केलेला असतो. अर्ध्या तासाचं काम! पुन्हा हवा सोडून पूर्ण दाबून बघितलं, टायर फ्रेमला लागत नाही ना. बोटभर जागा उरली. ती कडी आता किल्ल्यांच्या जुडग्यात आहे.