साडेतीनच्या आधी हॅमर नसतो

मी लातूरच्या एका आडत दुकानात मुनीम आहे. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने डिसेंबर 2021मध्ये सोयाबीनचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले आणि ज्या मालातलं मला कळतं, त्याचाच चार्ट गेला. म्हणून शेअरकडे वळलो. शेअर ठेवायचं डिमॅट खातं आठवड्यात उघडलं. कॅन्डल, म्हणजे चार्टवरची एका दिवसाच्या भावाची उभी खूण, तीही लगेच उमगली. उघडता भाव, वरचा, खालचा, बंद भाव हे चार आकडे आम्ही रोजच बघतो. ही पद्धत अठराव्या शतकातल्या होम्मा नावाच्या जपानी तांदूळ व्यापाऱ्याच्या नावावर सांगतात. म्हणजे धान्यबाजारातलीच.

अडलो ते हॅमरवर, म्हणजे पडत्या भावात तेजीची खूण मानतात त्या कॅन्डलवर, आणि माझा राग अजून शेअर शिकवणाऱ्या त्या क्लासवर आहे. पंधरा हजार फी भरली. दाखवलेला प्रत्येक चार्ट आधीच पूर्ण झालेला. "हा बघा हॅमर, इथून शेअर वर गेला." झालेलं दाखवून कुणीही शिकवेल! कॅन्डल तयार होताना कशी दिसते, हे तीन महिन्यांत एकदाही दाखवलं नाही.

2023च्या पावसाळ्यात एक शेअर तीन आठवडे पडत होता. एके दिवशी तो 412ला उघडला, 396पर्यंत गेला आणि दुपारी दोन चाळीसला 414वर आला. वर बारीक बॉडी (उघडता ते बंद भाव हा जाड भाग), खाली लांब विक (खालच्या भावापर्यंतची रेघ), अगदी वहीत काढला होता तसा हॅमर. मी 50 शेअर घेतले. तीननंतर विक्री आली. माझ्या डोळ्यांदेखत ती खालची विक लाल, म्हणजे भाव पडल्याच्या, बॉडीत भरत गेली आणि बंद भाव पडला 400. हॅमर कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी 385ला विकले, 1450 रुपये गेले. क्लासला फोन केला तर म्हणाले, "कन्फर्मेशन, म्हणजे पुढच्या कॅन्डलचा दुजोरा, घ्यायचं असतं." मग हे आधी का नाही सांगितलं?

त्यात आणखी एक. त्या वेळी एनएसईवर, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजारात, बंद भाव म्हणजे शेवटचा सौदा नव्हता, शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची सरासरी धरायचे. त्यामुळे साडेतीनला, बाजार बंद होताना, दिसलेली कॅन्डल संध्याकाळी थोडी वेगळी दिसायची. हे मला माझं मीच शोधावं लागलं.

मालकांना सांगितलं तर ते म्हणाले, "सौदा निघायच्या आधी तू शेतकऱ्याची हिशोबपट्टी करतोस का?" तेव्हापासून साडेतीनच्या आत मी एकही पॅटर्न वहीत मांडत नाही. दुसऱ्या दिवशीची कॅन्डल हॅमरच्या वर बंद झाली तरच घेतो, आणि हॅमरचा खालचा भाव तुटला की विकून मोकळा होतो. या शिस्तीचा मला अभिमान आहे.

हेही बघा, तोच आकार तेजीच्या माथ्यावर आला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात आणि अर्थ उलटा होतो. आधी किती दिवस भाव पडलाय ते मोजा. व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरचे सौदे झाले ते, पुरेसा नसेल तर एनगल्फिंगवरही (आदल्या कॅन्डलची बॉडी पूर्ण झाकणारी कॅन्डल) मी विसंबत नाही. आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांत, एवढ्यात जाऊ नका. सेबीच्याच अहवालात 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले.

सराव मी असा केला. जुना चार्ट उघडायचा, पावतीपुस्तकाचा पुठ्ठा स्क्रीनवर धरून उजवी बाजू झाकायची आणि एकेक कॅन्डल सरकवत पुढे काय होईल ते आधी वहीत लिहायचं. दोनशे कॅन्डल झाल्या, तेव्हा कुठे हात थांबायला लागला.