62 च्या वेगावरची थरथर: जुन्या ऑटोमॅटिक सात सीटरची नोंद

मीटर 1,18,400

गाडी सेकंडहँड. डिझेल, चार सिलिंडर, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या चाकांवर जोर, टायर 205/65 आर16. मॉडेल मुद्दाम लिहिलेलं नाही. हा आजार लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा कन्व्हर्टरमधला क्लच) असलेल्या कोणत्याही टॉर्क कन्व्हर्टरला होतो आणि शोधायची रीतही तीच राहते.

तक्रार अशी: 58 ते 66 च्या वेगात, पाचव्या गिअरला, पाय हलका ठेवून थोडा चढ लागला की दोन-तीन सेकंद थरथर. गिट्टी टाकलेल्या रस्त्यावरून बंडी न्यावी तशी. रेस दाबली की बंद, पाय पूर्ण उचलला तरी बंद. सकाळी गाडी काढली की पहिले काही किलोमीटर काहीच नाही, गरम झाली की सुरू. निदानाचं निम्मं काम या शेवटच्या वाक्यातच होतं. गिअरबॉक्सचं तेल ठरावीक तापमानाला पोचल्याशिवाय कॉम्प्युटर लॉकअप लागूच देत नाही. डिसेंबरच्या थंडीत ही सूट बरीच लांब चालते; मे महिन्यात गाडी गावाच्या वेशीबाहेर पडेपर्यंत संपते. म्हणून "उन्हाळ्यात बिघाड वाढला" असं वाटतं. वाढलेला नसतो, फक्त लवकर दिसतो.

चौकात गाडी उभी केली की "काहून हालून राहिली" याला तीन उत्तरं ठरलेली: टायर बॅलन्स करा, फाउंडेशन (इंजिनाखालचं रबर) गेलं, इंजेक्टर गेला. तिन्ही शक्य आहेत, म्हणून तिन्ही आधी बाजूला काढावी लागतात.

मीटर 1,18,460

फोनमधला कंपन मोजणारा अ‍ॅप सुरू करून फोन सीटच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधला. डॅशबोर्डवर ठेवू नये, तिथे प्लास्टिकचीच थरथर मोजली जाते. मग हिशोब. या टायरचा घेर सुमारे 2.1 मीटर. 62 च्या वेगाला गाडी सेकंदाला 17.2 मीटर जाते, म्हणजे चाकाच्या सेकंदाला आठ फेऱ्या. डिफरन्शियलचं प्रमाण 3.9 धरलं तर प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सचा जोर मागे नेणारा दांडा) 32. टायरचा दोष असता तर अ‍ॅपमध्ये सेकंदाला 8 धक्के दिसले असते, शाफ्टचा किंवा त्याच्या क्रॉसचा (सांध्याचा) असता तर 32 किंवा दुप्पट. दिसले 12 ते 13.

इथेच फसायला होतं. पाचव्यात इंजिन 1,450 वर होतं, म्हणजे सेकंदाला 24 फेऱ्या. फोर-स्ट्रोक इंजिनात एक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, त्यामुळे एखादा सिलिंडर मंद असेल तर धक्के सेकंदाला 12. आकडा तंतोतंत जुळला आणि इंजेक्टर काढायला निघावं असंच वाटलं. पण स्कॅनरवर चारही इंजेक्टरची दुरुस्ती-मूल्यं (कॉम्प्युटर प्रत्येकाचं डिझेल किती कमी-जास्त करतो ते) एकमेकांजवळ होती, उभ्या गाडीत 1,450 वर इंजिन शांत होतं आणि त्याच चढावर मॅन्युअलमध्ये तिसरा लावला तर इंजिनवर जोर येऊनही काही नाही. आकडा जुळला म्हणजे कारण सापडलं असं नाही.

रस्त्याबद्दल एक सूचना. ही चाचणी समृद्धीवर करू नका. रस्ता सरळ आहे, पण काँक्रीटचा. त्याच्या सांध्यांची स्वतःची टप-टप असते आणि ती मोजमापात मिसळते. घाटही कामाचा नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गिअर सतत बदलत राहतो, लॉकअप स्थिर राहतच नाही. हवा असतो डांबरी, सरळ, जेमतेम चढ असलेला दोन किलोमीटरचा तुकडा, मागे-पुढे मोकळा. गाडीत दोन माणसं: एक चालवायला, दुसरा स्क्रीन बघायला.

मीटर 1,18,475

ब्रेकची चाचणी. थरथर सुरू असताना उजवा पाय रेसवर तसाच ठेवायचा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडलला एवढाच स्पर्श करायचा की मागचा लाल दिवा लागेल, ब्रेक मात्र धरणार नाही. ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर लॉकअप सोडतो. त्याच क्षणी थरथर थांबली आणि पाय काढल्यावर सेकंदभरात परतली तर दोष लॉकअप क्लचच्या पृष्ठभागाचा, तेलाचा किंवा त्याच्या दाबाचा. टायर, शाफ्ट आणि इंजेक्टर यांना ब्रेकचा दिवा लागला की नाही याचं सोयरसुतक नसतं.

अडचण अशी की बऱ्याच गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली की कॉम्प्युटर इंजिनाची ताकद कापतो. मग थरथर लॉकअप सुटल्यामुळे थांबली की रेस कापल्यामुळे, हे कळत नाही. म्हणून स्पर्श अगदी हलका, दोन सेकंदांपुरता आणि नजर इंजिनच्या फेऱ्यांवर. लॉकअप सुटला तर फेऱ्या किंचित वर जातात. ताकद कापली तर खाली येतात. पाच वेळा केलं. पाचही वेळा फेऱ्या 120-150 ने वर गेल्या आणि थरथर थांबली.

मग स्कॅनर. इंजिनच्या फेऱ्या वजा टर्बाइनच्या (कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सकडच्या पात्यांच्या) फेऱ्या म्हणजे घसरण. लॉकअप नीट लागला की ती शून्याजवळ राहते. इथे थरथरीच्या वेळी ती 0 आणि 90 च्या दरम्यान नाचत होती. स्वस्तातल्या ईएलएम 327 डोंगलवर (गाडीच्या कॉम्प्युटरला फोन जोडणारं यंत्र) हे बघायचं तर स्क्रीनवरची बाकी सगळी मूल्यं काढून फक्त तीन ठेवा: इंजिन फेऱ्या, टर्बाइन फेऱ्या, तेलाचं तापमान. दहा मूल्यं लावली तर प्रत्येकाची नोंद दीड-दोन सेकंदांनी येते आणि हा नाच सपाट रेषेसारखा दिसतो. "स्कॅनरवर काहीच आलं नाही" असं सांगणाऱ्या निम्म्या लोकांचं इथेच चुकतं. दोषसंकेतही नव्हता. पी0741 (लॉकअप नीट लागत नसल्याचा संकेत) यायला घसरण बराच वेळ टिकावी लागते. दोन सेकंदांच्या थरथरीची कॉम्प्युटर दखल घेत नाही.

कारण थोडक्यात. लॉकअप क्लचचं अस्तर कागदासारख्या तंतूंचं असतं आणि ते तेलात बुडालेलं असतं. तेलातली घर्षण सांभाळणारी द्रव्यं शाबूत असली की घसरण कमी होताना घर्षणही हळूहळू उतरतं आणि क्लच अलगद बसतो. तेल जळालं किंवा चुकीचं भरलं की उलटं होतं. क्लच थांबता थांबता चिकटतो, इंजिनाच्या जोराने सुटतो, पुन्हा चिकटतो. हे चिकटणं-सुटणंच आपल्याला सीटवर जाणवतं. अस्तरात पाणी शिरलं तरी हेच होतं, आणि त्याला फार पाणी लागत नाही.

मीटर 1,18,480

तेलाचा नमुना: लेव्हल प्लगमधून 20 मिली. टिपकागदावर एक थेंब टाकून तासभर ठेवला. नव्या तेलाचा थेंब गुलाबी होऊन लांब पसरतो. हा मध्ये तपकिरी ठिपका करून तिथेच बसला, कडेला बारीक फिकट वलय. वास करपट, पण शेंगदाणे जळावेत इतका नाही. पाणी आहे का बघायला भंगारातला तवा (स्वयंपाकघरातला घेतल्यास परिणाम आपापले) तापवून त्यावर दोन थेंब टाकले: तडतड नाही. तडतडलं असतं तर रेडिएटरच्या आत असलेला गिअर ऑइल कूलर फुटल्याचा संशय, किंवा पावसाळ्यात पुलावरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढल्यावर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या नळीतून) आत गेलेलं पाणी. तेव्हा नुसतं तेल बदलून भागत नाही. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर गाडी चालवूच नये.

मीटर 1,18,490: पहिली फेरी

आधी भरायचा प्लग उघडा. तो गंजून बसला असेल आणि आपण खालचं तेल आधीच काढलं असेल, तर गाडी घोडीवरच (जॅक स्टँडवर) राहते.

या चेंबरमध्ये (गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या तसराळ्यात) खालचा प्लग दुहेरी आहे. बाहेरचा काढला की जास्तीचं थोडं तेल येतं आणि थांबतं, कारण आत उभी नळी असते. ती 6 मिमी हेक्स चावीने काढल्याशिवाय चेंबर रिकामा होत नाही. नळी प्लास्टिकची असते, जोर लावू नये.

निघालं 3.1 लिटर. पाण्याच्या लिटरभराच्या बाटल्यांत ओतून मोजलं. पूर्ण गिअरबॉक्सची क्षमता सुमारे 8 लिटर. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये, कूलरमध्ये आणि नळ्यांत राहतं. म्हणजे एका फेरीत जुनं 61 टक्के आतच, दुसरीनंतर 38, तिसरीनंतर 23. तीन फेऱ्यांना 9.3 लिटर लागतं. दहा लिटर आणून ठेवा.

चेंबर उतरवून चुंबकं बघितली: करड्या रंगाचा मऊ चिखल, बोटांत चोळला तर गुळगुळीत. हे चालतं. चकाकणारे धातूचे कण किंवा काळ्या कागदी पापड्या असत्या तर पुढचं सगळं थांबवून कन्व्हर्टरच उतरवायला लागला असता. चेंबरचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यानेच आवळा. तो बहुतेकदा 10 न्यूटन मीटरच्या आत असतो. चाकाच्या नटाचा हात इथे लावला की पत्रा वाकतो आणि गळती कायमची.

तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्याच जातीचं. डेक्सरॉन तीन, डब्ल्यूएस, एसपी-चार या गिअरबॉक्सच्या तेलाच्या जाती तिन्ही लाल दिसतात, पण एक नाहीत. डब्ल्यूएस डेक्सरॉन तीनपेक्षा बरंच पातळ. आधीच्या कुणीतरी टॉप-अप करताना रंग बघून भरल्याची शक्यता या गाडीत दाट आहे.

लेव्हल, आणि मे महिना

सर्वांत जास्त चुकतं ते इथे. तेल मोजायची डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, तेल 35 ते 45 अंशांत असताना (नेमका पट्टा आपल्या मॅन्युअलमध्ये बघा) प्लग उघडायचा. धार पातळ होऊन थेंब-थेंब झाली की लेव्हल बरोबर. अडचण अशी की आपल्याकडे मे महिन्यात दुपारी सावलीतच 45. टिनाच्या शेडखाली उभ्या गाडीचं तेल इंजिन सुरू करायच्या आधीच 46-47 दाखवतं. त्यात इंजिन चालवून सगळ्या गिअरमधून लिव्हर फिरवला की 55-60. गरम तेल फुगतं. आठ लिटरला दर 10 अंशांना साधारण 60-65 मिली. 60 अंशांवर थेंब थांबेपर्यंत वाट बघितली की सव्वाशे मिली कमी भरलं गेलं, त्यात अंगण एका बाजूला उतरतं असेल तर आणखी कमी. मग नवं तेल टाकूनही चढावर तेलाचा पंप हवा ओढतो आणि थरथर तशीच राहते. दोष तेलावर जातो.

म्हणून हे काम पहाटे पाचला. रात्रभर उभ्या गाडीचं तेल 31 वर होतं. इंजिन सुरू, एसी बंद, ब्रेक दाबून लिव्हर पी ते डी आणि परत, प्रत्येक जागी तीन-चार सेकंद. तापमान मिनिटाला एक-सव्वा अंशाने चढत गेलं. 39 ला प्लग उघडला, 41 ला धारेची थेंब-थेंब झाली, नव्या वॉशरसह प्लग बंद. 35 ते 45 पर्यंत हातात आठ-दहा मिनिटं असतात, ती पुरतात.

गाडी समतल ठेवायला गवंड्याचा पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाइप सर्वांत खात्रीचा. एक टोक पुढच्या जॅक-पॉइंटला, दुसरं मागच्याला. अंगणात पुढच्या-मागच्या जॅक-पॉइंटमध्ये 34 मिमीचा फरक निघाला. मागच्या घोड्यांखाली सागाच्या फळ्या घालून तो 3 मिमीवर आणला. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप बोनेटवर ठेवून हे होत नाही, बोनेट मुळातच उतरतं असतं.

मीटर 1,18,540

पन्नास किलोमीटर चालवून फरक: थरथर तीनऐवजी एक सेकंद, घसरणीचा नाच 0 ते 40. तेलाचं तापमान मात्र सपाट रस्त्यावर 104. हे जास्त आहे. 80 ते 95 मध्ये राहायला हवं होतं. तेलाचं जळणं दर दहा अंशांना जवळपास दुप्पट होतं असा ठोकताळा आहे.

ग्रिल काढल्यावर कारण दिसलं. बाहेरच्या कूलरच्या पंखांत कापसाचा फाया बसला होता आणि त्यावर सोयाबीनचं कुटार (भुसा), वरून काळ्या मातीचा लेप. कापसाच्या गाड्यांमागून आणि मळणीच्या दिवसांत रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवरून धावलेल्या प्रत्येक गाडीचं हेच होतं. एसीचा कंडेन्सर लोक धुतात, त्याच्या मागे काय आहे ते बघत नाहीत. आतून बाहेर, म्हणजे इंजिनाच्या बाजूने, बागेच्या पाइपाने कमी दाबाचं पाणी. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर गन लावला तर पंख वाकतात आणि फाया आणखी आत जातो. उरलेला फाया मऊ ब्रशने, पंखांच्या दिशेने. तापमान 92 वर आलं.

मीटर 1,18,610: दुसरी फेरी

3.1 लिटर काढलं, 3.1 भरलं, पुन्हा पहाटे. चेंबर या वेळी उतरवला नाही. त्यानंतर स्कॅनरने गिअरबॉक्सची शिकलेली मूल्यं शून्यावर आणली. जुन्या तेलाच्या चिकटपणाला धरून कॉम्प्युटरने क्लचचे दाब ठरवलेले असतात, ते नव्या तेलाला चालत नाहीत. पहिले तीस-चाळीस किलोमीटर गिअर थोडे हिसक्याने पडले, मग बसले.

आता रिकाम्या गाडीत थरथर नाही. सात माणसं आणि मागे दोन पोती असताना, 62 ला, चढावर, एखाद्या वेळी अर्धा सेकंद. घसरण 0 ते 15.

बाजारात मिळणाऱ्या थरथर थांबवणाऱ्या छोट्या बाटल्या यात टाकल्या नाहीत. त्यांचा उपयोग निदानासाठी आहे: टाकल्यावर थरथर गेली तर दोष तेलाच्या घर्षणाचा होता एवढं कळतं. पण एकदा टाकली की पुढच्या मोजमापात तेल किती सुधारलं आणि बाटलीने किती, हे वेगळं करता येत नाही.

पुढे

तिसरी फेरी 1,18,700 च्या आसपास. त्यानंतर भरलेल्या गाडीत त्याच चढावर ब्रेकची चाचणी पुन्हा, पाच वेळा. घसरण तरीही 0 ते 15 मध्ये नाचत राहिली तर अस्तर काचेसारखं गुळगुळीत झालेलं आहे किंवा लॉकअपचा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हची बैठक झिजली आहे. तेव्हा आधी व्हॉल्व्ह बॉडीचा (तेलाचा दाब वाटून देणाऱ्या भागाचा) दाब मोजायचा, मगच कन्व्हर्टर. कन्व्हर्टर वेल्डिंग कापून उघडावा लागतो, अस्तर बदलून पुन्हा वेल्ड करून बॅलन्स करावा लागतो. गावच्या लेथवर हे करून घेतलं तर बॅलन्स जातो आणि पुढे गिअरबॉक्सचा पंप. ते काम नागपूरलाच.

तिसऱ्या फेरीचं तेल आणून ठेवलंय. लेव्हल बघायला नवतपा लागण्याआधीची एखादी पहाट धरायची आहे, कारण शेडमधला थर्मामीटर आता पहाटे पाचलाही 32 दाखवतो.