बुधवार टाळला, गुरुवार नडला

चाळीसगावला बसस्टँडसमोर माझं सहलींचं छोटंसं ऑफिस आहे. लोक येतात ते शिर्डी, सप्तशृंगी गड, ओंकारेश्वर, फार तर पंढरपूर विचारायला. २०१८ च्या आषाढात जवळच्या एका खेड्यातल्या बचत गटाच्या बायका आल्या. मी सवयीने देवस्थानांचं रेटकार्ड पुढे केलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या जिजींनी ते बाजूला सारलं. "देव गैरा देखात भाऊ, आते तो पेंग्विन दाखाड."

नातवाने मोबाईलवर दाखवला होता म्हणे. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून हंबोल्ट जातीचे पेंग्विन आणले आणि पुढच्या वर्षी लोकांना बघायला खुले केले, हे मी पेपरात वाचलेलं होतं. अठ्ठावीस बायका, सहा पोरं. मुक्काम नको, कारण मुक्काम म्हटलं की अर्ध्या जणींच्या घरचे नाही म्हणणार. रात्री निघायचं, दिवसभर बघायचं, रात्रीच्याच गाडीने परत.

आता तारीख काढणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्याइतकंच अवघड. श्रावण लागलेला. बुधवारी, १५ ऑगस्टला, नागपंचमी. त्यानंतरच्या रविवारी कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण; म्हणजे शनिवारपासून घरोघर रोटांच्या दळणाची धांदल. शुक्रवारी जिवतीची पूजा. मधला उरला एकटा गुरुवार. राणीची बाग बुधवारी बंद असते, हे मला पाठ होतं. बुधवार तर आपसूक टळला होता. मी खूश.

गाडी मध्यरात्रीनंतरची, त्यामुळे तिकिटावर तारीख पुढची हवी. बुधवारी रात्री स्टेशनवर जायचं, पण तिकीट गुरुवारचं. या एका गोष्टीवर मी वीस वर्षांत कितीतरी कुटुंबं प्लॅटफॉर्मवर रडकुंडीला आलेली पाहिलीत, म्हणून तिकिटं तीनदा तपासली. दादरला उतरायचं नाही, हेही ठरवलं. सकाळच्या वेळी दादरहून भायखळ्याकडे जाणारी लोकल म्हणजे माणसांची पोती. त्यापेक्षा थेट सीएसएमटीला उतरायचं, वेटिंग रूममध्ये तोंड-हात धुवायचे आणि उलट्या दिशेची रिकामी लोकल पकडायची. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा. तिसरं स्टेशन. बागेच्या तिकिटाचे तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, पोरांना २५. जिजींना हे महाग वाटलं, आणि वर्षभरापूर्वीपर्यंत तिथे पाच रुपयांत सोडत होते हे मी त्यांना सांगितलंच नाही.

पंचमीला तवा ठेवायचा नाही, म्हणून बायकांनी दशम्या मंगळवारी रात्रीच करून ठेवल्या. दुधात भिजवलेल्या, त्यामुळे गुरुवारपर्यंत मऊ. सोबत लसणाची चटणी. डब्यात असा वास सुटला होता की समोरच्या बर्थवरच्या माणसाने चाळीसगाव सुटताच विचारलं, "ताई, कुठलं गाव?"

नऊच्या सुमारास आम्ही भायखळ्याच्या फाटकाशी. बारीक पाऊस. फाटक बंद. मला वाटलं, साडेनऊला उघडतं, आपण लवकर आलो. रखवालदार छत्री सावरत आला आणि म्हणाला, "आज बंद आहे."

"बुधवारी बंद असतं ना?"

"बुधवारी सुट्टी आली की त्या दिवशी चालू ठेवतात. मग बदल्यात गुरुवारी बंद. काल पंधरा ऑगस्ट होता की."

मी घरी कॅलेंडर पाहिलं होतं. पंचमी पाहिली, कानबाई पाहिली. झेंडा पाहायचा राहिला. चौतीस माणसं सव्वातीनशे किलोमीटर आणली होती आणि चूक सर्वस्वी माझी होती. एक फोन केला असता तर कळलं असतं. मी तो केला नव्हता, कारण मला सगळं पाठ होतं.

मागे वळून सांगायचं धाडस होईना. पोरं फाटकाच्या गजांना लोंबकळत होती. शेवटी रखवालदारालाच कणव आली असावी. तो जिजींना म्हणाला, "आजी, काल रात्रीच पेंग्विनला पिल्लू झालंय. आपल्या देशात जन्मलेलं पहिलं."

जिजींनी पदर तोंडाला लावला. मग बायकांकडे वळून, जणू मीच त्यांना बोलवायला आलो होतो आणि त्या नकार देत होत्या, अशा सुरात म्हणाल्या, "बाळंतीण शे ती. पहिलाच दिन लोके कसाले जातस? पाचवी ते होऊ दे."

विषय संपला. कुणी मला एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेजारीच भाऊ दाजी लाड संग्रहालय. दहा वाजता उघडलं, माणशी दहा रुपये. आतल्या मातीच्या लहान लहान माणसांपुढे, त्यांच्या पगड्या नि धंदे बघत, बायका इतका वेळ रमल्या की पोरं कंटाळली. बाहेर अंगणात दगडी हत्ती आहे. घारापुरीचा. याच्याचवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला नेत होते, उचलताना पडला आणि तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये सांधून उभा केला. मी हे सांगत होतो, पण जिजी ऐकत नव्हत्या. डोळे बारीक करून त्या हत्तीच्या अंगावर सांधा शोधत होत्या, फुटलेल्या रांजणाला चीर शोधावी तशा.

मग गेटवे, मग गिरगाव चौपाटी. दशम्या तिथे वाळूवर संपल्या. संध्याकाळी आजूबाजूच्या लोकांच्या मोबाईलवरून कळलं, अटलजी गेले. स्टेशनवर सगळीकडे तीच चर्चा. आमच्या डब्यात पोरं झोपली होती आणि बायका हलक्या आवाजात कानबाईचं गाणं म्हणत होत्या.

त्या सहलीतली माझी कमाई मी परत द्यायला गेलो. गटाच्या अध्यक्षबाईंनी पैसे घेतले, रजिस्टरला जमा दाखवले आणि माझी सही घेतली. बरोबरच केलं.

आठवड्याने जिजींचा फोन आला. नातवाने वाचून दाखवलं होतं. २२ ऑगस्टला ते पिल्लू गेलं. "पाचवी व्हयनी, पन बारसं बी नही व्हयनं," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जानेवारीत संक्रांतीनंतर एका मंगळवारी मी त्यांना पुन्हा घेऊन गेलो. आधी बागेत दोनदा फोन केला, तरी लोकल भायखळ्याला थांबेपर्यंत पोटात गोळा होता. या वेळी फाटक उघडं होतं. पेंग्विनची खोली सोळा-अठरा अंशांवर ठेवतात, पण ती थंडी काचेच्या पलीकडे. जिजींनी तरी आत शिरताच पदर डोक्यावरून घट्ट ओढून घेतला. पोरं काचेला नाक लावून. मागून गर्दी पुढे ढकलत होती. जिजींनी तिथल्या मुलीला विचारलं, त्या पिल्लाची आई कोणती? तिने हात केला. फ्लिपर, म्हणाली. खडकावर एक पेंग्विन पाठ करून उभा होता.

जिजी बराच वेळ बघत राहिल्या. "अशक्त दिखस," म्हणाल्या, आणि पुढे सरकल्या.