पावतीवरचा नोंदणी क्रमांक

वडिलांच्या पत्र्याच्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीच्या पावत्यांचा एक गठ्ठा होता. ते डिलाईल रोडवरच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात होते. पिवळ्या पडलेल्या त्या पावत्यांवर संघटनेच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘नोंदणी क्रमांक’ छापलेला असे. डिलाईल रोडच्या पाटीवर ‘ना. म. जोशी मार्ग’ हे नाव मी लहानपणापासून वाचत आलो होतो, पण त्या नावाचा आणि पावतीवरच्या त्या ओळीचा संबंध माझ्या ध्यानात यायला फार वर्षे जावी लागली.

नारायण मल्हार जोशी यांचा जन्म १८७९ साली आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गोरेगाव येथे झाला. काही वर्षे शिक्षकी केल्यावर १९०९ मध्ये ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले आणि १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी केली. गिरणगावातल्या रात्रशाळा आणि वाचनालये हे तिचे काम. कामगार रंगभूमी जिथे रुजली तो परळचा दामोदर हॉलही याच लीगचा. १९२० मध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस म्हणजे आयटक या देशभरच्या कामगार संघटनांच्या मध्यवर्ती संस्थेची स्थापना झाली, तिच्या उभारणीतही जोशी अग्रभागी होते.

त्या काळी संघटना काढणे हा गुन्हा नव्हता. पण संपाची हाक देणे म्हणजे कामगाराला मालकाशी झालेला करार मोडायला लावणे, असा अर्थ कोर्टात लावता येत असे. मद्रासमध्ये नेमके हेच घडले. बी. पी. वाडिया यांच्या मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या चालकांनी दावा लावला आणि हायकोर्टाने मनाई हुकूम दिला. जोशी तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे सरकारनियुक्त सभासद होते. त्यांनी १९२१ मध्ये संघटनांच्या नोंदणीसाठी आणि संरक्षणासाठी कायदा करावा असा ठराव मांडला, आणि १९२६ मध्ये कायदा झाला. तेव्हा सात कामगारांनी अर्ज केला तर संघटनेची नोंदणी होऊ शकत असे, आणि संपाची हाक दिली एवढ्याच कारणावरून नोंदलेल्या संघटनेवर नुकसानभरपाईचा दावा चालत नाही, हे त्यातूनच आले. वडिलांच्या पावतीवरचा क्रमांक तो हाच.

सरकारने नेमलेला माणूस म्हणून अनेकांनी त्यांना नेमस्त ठरवून बाजूला सारले. मला हा न्याय वाटत नाही. ज्या सभागृहात आपल्यामागे मतांचे बळ नाही, तिथे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा उभा करायला वेगळ्या प्रकारची चिकाटी लागते. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे बाईला कामाला लावू नये आणि त्या दिवसांत तिला भत्ता मिळावा, असे विधेयक त्यांनी १९२४ मध्ये आणले. ते नामंजूर झाले. रिळे भरणाऱ्या किती बाया त्या काळात दिवस भरेपर्यंत उभ्याने काम करत असतील, याचा विचार केला की त्या पराभवाचे दुःख आजही होते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने असा कायदा केला.

१९२८ चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप तर त्यांच्या स्वभावाशी न जुळणारा. तरीही त्यांच्या युनियनचे लोक आणि लाल बावट्याचे, म्हणजे कम्युनिस्ट, पुढारी संयुक्त संप समितीत एकत्र बसले. पुढच्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात, कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या ज्या व्हिटली कमिशनचे जोशी सभासद होते त्यावर बहिष्कार घालण्याच्या प्रश्नावरून आयटक फुटली आणि त्यांना आपण उभारलेल्या संघटनेतून बाहेर पडावे लागले. १९४० मध्ये ते तिथेच सरचिटणीस म्हणून परतले आणि १९४८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९४३ मध्ये १९२८ च्या संपातले लाल बावट्याचे पुढारी श्रीपाद अमृत डांगे आयटकचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या शेजारी सरचिटणीसाच्या खुर्चीवर जोशीच होते.